तीन डुकरं, एक टोप

१४ एप्रिल २०२४
गोठ्यामागची जागा साफ केली. म्हैस गेल्यापासून तिथं नुसती नारळाची सोडणं आणि करवंट्या पडून होत्या. दहा बाय आठ फूट आखलंय. तीन डुकरांना एवढं पुरे, चौथं घ्यायचा मोह झाला तरी घ्यायचं नाही. अर्ध्यावर पत्रा, अर्धं उघडं. कंबरेइतकी चिऱ्याची भिंत. खाली कोबा, फार गुळगुळीत नको म्हणून ओला असतानाच खराट्यानं रेघा ओढून घेतल्या. उतार मागच्या गटाराकडे, गटार खड्ड्यात.

माय ओट्यावरून बघत होती. तिच्या लहानपणी आमच्याकडं डुकरं मोकळी असायची. संडासाच्या मागं खाली भोक असायचं आणि डुकरं तिथंच उभी. ती हे सांगताना हसते, माझ्या अंगावर काटा येतो. माणसाच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात आणि मांसात तांदळाच्या कण्यांसारखे दाणे धरतात. गावठी डुकराचं नाव खराब झालं ते यामुळंच, डुकराचा त्यात काही दोष नाही. म्हणून ठरवलंय: एकही दिवस बाहेर सोडायचं नाही. जे खाईल ते माझ्या हातचं खाईल.

२८ एप्रिल
पिल्लं आणली. तालुक्यातल्याच एका बाईंकडून, आठ आठवड्यांची, दूध तुटलेली. यॉर्कशायर नर आणि गावठी मादी यांची पैदास. प्रत्येकी ४,००० रुपये. पोत्यात घालून काट्यावर: ११, १० आणि ९ किलो. अकरा किलोचा ठिपक्या (खच्ची केलेला), दहाची पांढरी मादी, नऊचा काळा, तोही खच्ची. खच्ची केल्याची खात्री करूनच घेतला. वयात आलेल्या नराच्या मटणाला उग्र वास धरतो आणि तो मसाल्यानं जात नाही.

रिक्षात मागं पोत्यात तिघं. एवढंसं जनावर ओरडतं किती! बाजारात सगळी माना वळवून बघत होती.

आत सोडायच्या आधी मागच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतलं आणि बाईंकडून आणलेली मूठभर लीद तिथं टाकली. ही त्यांचीच युक्ती. डुक्कर निजायच्या जागी घाण करत नाही, ओला कोपरा बघून तिथं जातं. संध्याकाळपर्यंत तिघांनी तो कोपरा धरला. आमच्या धाकट्याला हे शिकवायला दोन वर्षं लागली होती.

१ मे
टोप मिळाला. जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा, चाळीस लिटरचा, आतेकडं लग्नातला पडून होता. तीन चिरे मांडून वाडीतच चूल घातली. मायनं एकच अट घातली: हा टोप घरात येणार नाही, आणि घरातला डाव टोपात जाणार नाही.

सकाळ-संध्याकाळचं ठरलं. दहा किलो मिश्रणात मका भरडा चार, भाताचा कोंडा साडेतीन, शेंगदाण्याची पेंड दोन, बाकी सुकटीचा चुरा आणि खनिज मिश्रण. हे कोरडं, विकतचं, आणि पोटाच्या अर्ध्यापुरतंच. उरलेलं अर्धं टोपातून: घरचं खरकटं, भाजीची देठं, मासळीबाजारातली डोकी-आतडी, फणसाच्या आठळ्या, रानअळू. अळू तर शिजवल्याशिवाय देताच येत नाही, माणसासारखीच त्यांचीही जीभ खाजते.

५ मे
काजूची बोंडं संपत आली. शेजारच्या तात्यांच्या बागेतून दोन टोपल्या आणल्या आणि त्या दोन्ही तशाच सावलीत राहिल्या. आज एक दिली. दुपारी बघतो तर काळा भिंतीला खेटून उभा, मागचे पाय एकीकडं, पुढचे दुसरीकडं. पांढरी झोपलेली, घोरते आहे. ठिपक्या रिकाम्या गव्हाणीशी भांडतोय. बोंडं आंबून हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, वाटेला लागली होती. धाकटा हसून हसून लोळला. मी दुसरी टोपली माडाच्या मुळात ओतली.

१२ मे
गरम होतंय. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, गारवा घ्यायचा तर चिखल नाहीतर पाणी. पांढरीचे कान उन्हानं लाल झालेत, सालं निघतात. उघड्या भागावर चुडतं (माडाच्या झावळ्या) टाकली, कोपऱ्यात घमेलंभर खोल खळगा केला. दुपारी बारा, दोन आणि चारला पाणी मारतो. पाण्याला टाकीवरून पाईप आणि निपल बसवला. डुक्कर तोंडात धरून दाबतं, पाणी येतं. भांड्यात दिलं की पाच मिनिटांत त्यात पाय.

२३ मे
डॉक्टर आले. स्वाइन फीवरची लस तिघांना, जंताचं औषध आठवड्यापूर्वीच दिलं होतं. टोपाकडं बघून त्यांनी विचारलं, यात काय काय जातं?

मग जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतो. स्वाइन फीवरला लस आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर वेगळा, त्यावर आपल्याकडं लस नाही. २०२० साली तो आसाम-अरुणाचलात आला आणि मग देशभर फिरला. माणसाला होत नाही, पण डुकराला झाला की गोठा रिकामा. हा विषाणू डुकराच्या मांसात, सॉसेजमध्ये, गोठवलेल्यातसुद्धा जिवंत राहतो. म्हणजे कुणी बाहेरचं पोर्क खाल्लं, हाडं खरकट्यात टाकली, ते खरकटं कच्चं डुकरापुढं आलं, की संपलं.

नियम: टोप खदखदायला लागल्यापासून अर्धा तास, मधून मधून ढवळत. बाहेरचं पोर्क कुठल्याही रूपात टोपात नाही. दुसऱ्याच्या डुकरांकडं जाऊन आलो तर पाय धुऊन, चपला बदलून आत.

पूर्वी डुक्कर परवडायचं ते उष्ट्यावर जगायचं म्हणून. उष्टं आजही फुकट आहे. उकळणं फुकट नाही, लाकूड आणि माझे दोन तास.

८ जून
पाऊस लागला. लाकडं आत घेतली. मासेमारी १ जूनपासून बंद, ३१ जुलैपर्यंत. म्हणजे बाजारातली ताजी डोकी-आतडी दोन महिने नाहीत. प्रथिनं कुठून आणायची याचा विचार.

कोंडा एकदम घेतला होता, त्याला खवट वास यायला लागलाय. भाताच्या कोंड्यात तेल असतं, दमट हवेत तो टिकत नाही. आता दहा दिवसांपुरताच आणायचा.

तात्या कुंपणाशी आले. आठवडाभर घुम्यासारखे होते.
“वास येता हां.”
म्हटलं, पावसानं खड्डा भरलाय, उद्या करतो काहीतरी.
दुसऱ्या दिवशी खड्ड्यावर बांबू टाकून चुडतं घातली आणि रोज लिदीवर पातेरा, म्हणजे सुका पाला, टाकायला सुरुवात केली. काजूचा, आंब्याचा, जो मिळेल तो.

२२ जून
महामार्गावरच्या एका हॉटेलातून दोन डबे उरलेलं आणलं. भात, डाळ, चपात्या. मालकाला पोर्क शिजतं का विचारलं, नाही म्हणाला. घरी चाळलं: सहा दातकोरण्या, एक स्टीलचा चमचा, सोड्याची बुचं, टिश्यूपेपरचा लगदा, लिंबाच्या साली वारेमाप. चमचा परत करायला गेलो तर पोरगा म्हणाला, ठेवा ओ. अर्धा तास चाळण्यात, अर्धा तास उकळण्यात. अवघं तपेलंभर निघालं. ठिपक्यानं चार मिनिटांत संपवलं.

१६ जुलै
हे सविस्तर लिहितो, कारण चूक माझी.

ताजी मासळी नाही म्हणून बाजारातून सुक्या मासळीच्या तळाचा चुरा आणला होता, आठ किलो, स्वस्तात. खारवलेल्या मासळीचा. चव घेऊन बघितली असती तर कळलं असतं. शनिवारपासून टोपात घालत होतो, हात सैल सोडून. काळा सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत आधाशी, त्या वासावर तो दोघांना ढकलून तोंड घालायचा.

काल सकाळी काळा भिंतीत डोकं खुपसून उभा. हाक मारली, वळला नाही. खाण्याकडं बघेना. डोळ्यांपुढं हात नेला तर पापणी हलली नाही. मग तो मागं मागं चालायला लागला आणि कुत्र्यासारखा बसला. नाकपुडी थडथडायला लागली, मान हळूहळू मागं वर गेली, आणि आडवा पडून चारी पाय झाडायला लागला. मिनिटभरानं उठला. थोड्या वेळानं परत तेच, नाकपुडीपासून त्याच क्रमानं.

मला वाटलं, आला तो रोग. डॉक्टर पावसातून दुपारी पोचले. थर्मामीटर लावला: १०२.४. डुकराला हा ताप नव्हे. त्यांनी रोगाचं सोडून दिलं आणि सरळ निपलपाशी गेले. दाबला. थेंब थेंब. टाकीत विहिरीचं पावसाळी तांबडं पाणी, त्याचा गाळ निपलच्या जाळीत घट्ट बसलेला. रविवारपासून वीज येऊन-जाऊन होती, टाकीही तळाला. मी रोज बघायचो तर निपल ठिबकताना दिसायचा, म्हणून चालू आहे असं धरून चाललो. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत पत्र्याखाली जनावराला प्यायला पाणी नाही.

मीठ जास्त आणि पाणी नाही, की मीठ मेंदूत चढतं. त्यातही एक मेख आहे: अशा वेळी पाणी एकदम पाजायचं नाही, मेंदूला सूज येते. थोडं थोडं, तासातासानं. काळ्याला वाटीनं, बाकी दोघांना अर्ध्या-अर्ध्या तांब्यानं पाजलं. ते दोघं उघड्या बाजूला भिंतीवरून गळणारं पाणी चाटत असावेत, त्यांना काही झालं नाही. रात्रभर मी आणि बायको आळीपाळीनं.

आज पहाटे साडेचारला काळा गेला.

मायला सांगितलं की मी तर नेमानं अर्धा तास उकळत होतो. ती म्हणाली, “मीठ काय उकळून जाता?”

१७ जुलै
पुरला. पाच फूट खोल, वर चुना. कुणीतरी विचारलंच, मटण वाया का घालवलं. दुखण्यानं मेलेलं जनावर खायचं नसतं, एवढंच म्हटलं.

निपल काढून जाळी साफ केली. शेजारी दुसरा निपल बसवला, खालच्या उंचीवर. आणि दाराशी खडूनं लिहिलं: पाणी दाबून बघ. उरलेला चुरा, पाच किलोच्या वर, तात्यांच्या माडालाही नको म्हणून टाकून दिला.

४ ऑगस्ट
बंदी उठली, ताजी डोकी सुरू. टोप परत वास मारतो. दोघं सावरलीत, पण जुलैचा पंधरवडा वाढीतून गेला.

पेंड वाढवली, दहात अडीच.

३१ ऑगस्ट
टेपनं वजन. काटा नसला तरी चालतं: पुढच्या पायांमागून छातीचा घेर मीटरमध्ये, घेर गुणिले घेर, गुणिले कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, गुणिले ६९.३. ठिपक्या: घेर ८५ सेंटीमीटर, लांबी ९२. उत्तर ४६ किलो. पांढरी ४३.

टेप लावायची तर खाताना लावायची. बायको गव्हाणीत मूठ मूठ टाकत होती आणि मी पोटाखालून हात घालत होतो. पोरगी वहीवर गणित करत होती. शाळेतलं करताना असा उत्साह कधी दिसला नाही.

सव्वाशे दिवसांत पस्तीस किलो, म्हणजे दिवसाला २८० ग्रॅम. कमीच. पण डिसेंबर गाठायला हरकत नाही, डुक्कर खरं पन्नासच्या पुढं भरतं.

७ सप्टेंबर
चवथ. तात्यांकडं गणपती पाच दिवस. टोपाचा वास त्यांच्या माटवीपर्यंत जातो हे मला माहीत आहे, त्यांनी सांगायची वाट बघायची नाही असं ठरवलं. पाच दिवस मासळी बंद. भोपळा, रताळ्याचे वेल, कण्या, पेंड. डुकरंही शाकाहारी. आरतीला गेलो तेव्हा तात्या म्हणाले, “विसर्जन झाला की त्या खड्ड्यातला पाणी माझ्या माडांक सोड.” पातेऱ्यात कुजलेली लीद त्यांनी बघून ठेवली होती तर. वासाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

६ ऑक्टोबर
विशेष काही नाही. पाणी दाबून बघितलं.

२७ ऑक्टोबर
पांढरीला खाज, कानामागं खरूज. डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं, दोघांनाही. या औषधानंतर चार आठवडे कापायचं नाही. कॅलेंडरवर २४ नोव्हेंबरला गोल केला. आपला दिवस डिसेंबरचा, म्हणजे चिंता नाही, पण लिहून ठेवलेलं बरं.

मामेभावाचा फोन. जानेवारीत लग्न, पांढरी देशील का? जिवंत, किलोला २०० रुपये. हो म्हटलं.

८ डिसेंबर
ठिपक्या: घेर १०८, लांबी ११२. गणित ९०.५ किलो सांगतं. पांढरी ८४.

१३ डिसेंबर
दुपारनंतर ठिपक्याला खाणं नाही, फक्त पाणी. पोट रिकामं असलं की आतडी साफ करणं सोपं आणि मांसाला घाण लागायची भीती कमी. पांढरीला वेगळं बांधलं. ती खाताना तो भिंतीवर पाय ठेवून बघत होता. इतक्या महिन्यांत त्याला एकही पाळी चुकली नव्हती. आज टोप तापवलाच नाही.

१४ डिसेंबर
पहाटे साडेपाचला कापणारा आला, सोबत त्याचा भाचा. मी काय करू विचारलं, तर म्हणाला, खाजव. पोटाखाली खाजवलं की ठिपक्या आडवा व्हायचा, तसा आजही झाला. बाकीचं त्या दोघांनी केलं. सुरी चांगली होती, फार वेळ गेला नाही. रक्त परातीत धरलं. त्यात माडाच्या सुरेचा विनेगर आधीच घातलेला, म्हणजे गोठत नाही. ते सोरपोतेलाला, म्हणजे विनेगरातल्या पोर्कच्या कालवणाला.

सुकी चुडतं पेटवून केस जाळले, मग कढत पाणी ओतत सुरीनं खरवडलं. त्या पाण्यासाठी टोप घासून चुलीवर चढवला होता. कातडी पांढरी झाली. ठिपके मात्र कातडीतच होते, गेले नाहीत.

कापणारा मांसाला हात लावायच्या आधी जिभेखाली बघतो. त्यानं जीभ ओढून मला दाखवली: गुळगुळीत, एक दाणा नाही. मग मांडीत चीर देऊन बघितलं, काळजाला उभं कापून बघितलं. लिव्हरवर दोन पांढुरके डाग, जंतांचे जुने वण, तेवढा भाग काढून टाकला. “बंद पाळलेला दिसता,” एवढंच म्हणाला. मला आठ महिन्यांत कुणी दिलेलं हे एकमेव सर्टिफिकेट.

मांस ६६ किलो, हाडासकट. माय दुपारीच वाटे काढायला बसली. मोठ्या आतेला खांद्याचा, मामाकडं फऱ्याचा, आमच्या वाड्यावरच्या तीन घरांना थोडं थोडं. तात्यांचा मुलगा संध्याकाळी मागच्या दारानं येऊन अर्धा किलो घेऊन गेला. तात्यांना माहीत आहे की नाही, हे मी विचारणार नाही.

१५ ते १९ डिसेंबर
सॉसेजचं काम. मांस आणि चरबी बोटाच्या पेराएवढी कापून जाड मिठात, वर पाटा ठेवून एक दिवस. पाणी सुटतं ते टाकायचं. मग सुकी मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, सगळं विनेगरात वाटून चोळायचं. दोन दिवस मुरवत. आतडी उलटी करून मीठ-लिंबानं धुतली, बायकोनं तीनदा धुतली तरी मायनं चौथ्यांदा धुतली. भरून, दोऱ्यानं गाठी मारून दिवसा ऊन, रात्री चुलीवरचा धूर. मीठ मोजताना सगळे माझ्याकडं बघत होते. कुणी काही बोललं नाही.

चरबी वितळवून दोन बरण्या.

२० डिसेंबर
हिशेब. पिल्लं १२,०००. कोबा, पत्रा, पाईप ७,२००. विकतचं खाद्य ४८० किलो, १३,४००. औषध आणि डॉक्टर १,८५०. कापणारा १,२००. एकूण ३५,६५०. पांढरीचे मामेभावाकडून १६,८०० येतील. राहिले १८,८५०, भागिले ६६ किलो: किलोला २८६ रुपये. बाजारात पोर्क ३६० ला आहे.

काळा जगला असता तर आकडा बराच खाली आला असता. माझा वेळ आणि लाकडं यात धरलेली नाहीत, धरली तर वही बंद करावी लागेल. कोबा-पत्रा पुढच्या खेपेला फुकट.

६ जानेवारी २०२५
मामेभाऊ टेम्पो घेऊन आला, पांढरी गेली. गोठा धुतला, चुना मारला, महिनाभर रिकामा ठेवणार. निपल काढून रॉकेलात बुडवून ठेवले.

पिल्लांच्या बाईंना फोन केला. त्यांची मादी १२ डिसेंबरला लागली. ११४ दिवस धरले तर ५ एप्रिलच्या आसपास वीत, मग आठ आठवडे, म्हणजे पिल्लं हातात येणार ती जूनच्या तोंडावर. पाऊस आणि मासेमारी बंदी दोन्ही एकदम. फेब्रुवारीत दुसरीकडं कुठं मिळतात का विचारलं, तर म्हणाल्या, मिळतील, पण कुठून आलेली ते मला नाही सांगता यायचं. मग जूनचीच दोन सांगून ठेवली. पेंड एप्रिलमध्येच भरायची.